आवाज कुठून येतो?

(आपण रोज बोलतो, वाचतो, हाका मारतो. पण आवाज तयार कसा होतो, याचा विचार क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात मानवी स्वरयंत्राची रचना, आवाज निर्माण होण्याची क्रिया आणि आवाजाची काळजी यांविषयी सोप्या भाषेत माहिती दिली आहे.)

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले, की सुमारे चाळीस किलोमीटरवर कापूरहोळ हे गाव लागते. येथे महामार्ग सोडून भोरकडे जाणारा रस्ता फुटतो. त्यामुळे फाट्यावर दिवसभर वर्दळ असते. एसटीची वाट पाहणारे प्रवासी, भाजीच्या पाट्या, चहाच्या टपऱ्या, मालमोटारींचे भोंगे आणि या सगळ्यांच्या वर चढणारी एक हाळी, "भोर, भोर, भोर! चला, दोनच सीट राहिल्यात!"

ही हाळी देणारे जीपवाले काका माझ्या चांगल्या ओळखीचे. दर सोमवारी सकाळी मी त्यांच्याच जीपने पुढे जात असे. त्यांचा आवाज इतका खणखणीत, की रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसालाही तो स्पष्ट ऐकू येई.

एका सोमवारी मी फाट्यावर उतरलो. काका जीपजवळ उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी विचारले, "काय झालं, काका?" त्यांनी गळ्याला हात लावला आणि फुग्यातून हवा सुटावी तशा आवाजात म्हणाले, "बसला, सर. चार दिवस झाले." शेजारी दुसरा जीपवाला हाळी देत होता. सगळे प्रवासी त्याच्या जीपमध्ये चढत होते. काकांची जीप मात्र रिकामी होती.

त्याच दिवशी वर्गात आणखी एक गोष्ट घडली. आठवीतला एक मुलगा उत्तम वाचन करीत असे. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात नज़्म म्हणण्याचा मान त्याचाच. त्या दिवशी मराठीचा धडा वाचताना त्याचा आवाज मध्येच फाटला. एक शब्द जाडाभरडा, तर पुढचा एकदम चिरका! सारा वर्ग हसला. तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी मी त्याला वाचायला सांगितले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "सर, दुसऱ्या कोणाला तरी सांगा ना."

जीपवाले काका आणि हा मुलगा यांची अडचण वेगवेगळी होती. पण ती एकाच अवयवाची होती. त्या अवयवाचे नाव आहे स्वरयंत्र.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे स्वरयंत्र कोठे आहे हे शोधणे अगदी सोपे आहे. हनुवटीच्या खाली, गळ्याच्या पुढच्या बाजूला बोटे ठेवा आणि थुंकी गिळा. एक टणक उंचवटा वर सरकून पुन्हा खाली येईल. तेच स्वरयंत्र. मोठ्या माणसांच्या गळ्यात हा उंचवटा बाहेरून दिसतो. त्याला आपण कंठमणी किंवा घाटी म्हणतो.

आपल्या घशातून दोन नळ्या खाली जातात. पुढची श्वासनलिका, ती फुप्फुसांकडे जाते. मागची अन्ननलिका, ती जठराकडे जाते. श्वासनलिकेच्या अगदी तोंडाशी स्वरयंत्र बसवलेले असते. ते हाडांचे नसून कूर्चांचे बनलेले असते. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असा भाग. आपल्या कानाची पाळी वरच्या बाजूला दुमडून पाहा. तिच्यात कूर्चाच असते. स्वरयंत्रात अशा लहानमोठ्या नऊ कूर्चा असतात.

त्यांतली सर्वांत मोठी कूर्चा पुढच्या बाजूला असते. अर्धे उघडलेले पुस्तक उभे धरावे, तसा तिचा आकार असतो. पुस्तकाचा कणा म्हणजेच आपल्या बोटांना लागणारा कंठमणी. तिच्या खाली अंगठीच्या आकाराची एक कूर्चा असते. या अंगठीवर मागच्या बाजूला दोन छोट्या, त्रिकोणी कूर्चा बसलेल्या असतात. त्या किंचित फिरू शकतात व सरकू शकतात. सर्वांत वर पानाच्या आकाराचे एक झाकण असते. आपण घास गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर सरकते आणि हे झाकण त्याच्यावर येते. त्यामुळे घास श्वासनलिकेत न जाता मागच्या अन्ननलिकेत उतरतो. जेवताना बोलण्याच्या नादात पाण्याचा एखादा थेंब चुकून आत शिरला, की काय होते, हे तुम्हांला माहीतच आहे. जोराचा ठसका लागतो! तो ठसका म्हणजे आपल्या फुप्फुसांचा पहारेकरी जागा असल्याची खूण आहे. खरे सांगायचे तर स्वरयंत्राचे पहिले काम हेच: श्वासाची वाट राखणे. बोलणे हे त्याचे दुसरे काम.

या कूर्चांच्या आत, पुढून मागे ताणलेल्या, स्नायूंच्या दोन घड्या असतात. त्यांच्यावर मऊ आणि ओलसर आवरण असते. त्यांनाच स्वरतंतू म्हणतात. 'तंतू' या शब्दामुळे सतारीची तार डोळ्यांसमोर येते. पण त्या तारांसारख्या मोकळ्या नसतात. दोन ओठांसारख्या त्या समोरासमोर असतात. मोठ्या पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी साधारण दोन सेंटिमीटर, तर स्त्रीच्या स्वरतंतूंची सुमारे दीड सेंटिमीटर असते. एवढ्याशा घड्यांवर आपले सारे बोलणे, गाणे, हसणे आणि रडणे अवलंबून असते!

आपण शांतपणे श्वास घेतो तेव्हा स्वरतंतू एकमेकांपासून दूर असतात. हवा न अडखळता आतबाहेर होते. म्हणून साध्या श्वासाचा आवाज होत नाही. बोलायचे मनात आले, की मेंदूकडून निरोप येतो. मागच्या त्रिकोणी कूर्चा फिरतात आणि दोन्ही स्वरतंतू जवळ येऊन वाट बंद करतात. खालून फुप्फुसांतली हवा दाब देते. दाब वाढला, की स्वरतंतू उघडतात व थोडी हवा निसटते. हवा वेगाने निसटताच त्या पुन्हा मिटतात. पुन्हा दाब, पुन्हा उघडझाप. ही उघडझाप इतक्या वेगाने होते, की हवेत कंप निर्माण होतात. तेच कंप म्हणजे आवाज.

हे समजण्यासाठी एक फुगा फुगवा. त्याचे तोंड दोन्ही हातांनी ताणून धरा आणि हवा हळूहळू सोडा. फुगा किंचाळतो. जास्त ताणले तर आवाज बारीक होतो, सैल सोडले तर जाड होतो. आपल्या गळ्यातही असेच घडते. स्वरतंतू ताणल्या, की त्यांचे कंप वाढतात आणि आवाज चढतो. त्या सैल झाल्या, की आवाज उतरतो. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतू एका सेकंदात साधारण १०० ते १३० वेळा कंप पावतात, स्त्रीच्या साधारण २०० ते २२० वेळा आणि लहान मुलाच्या त्याहूनही जास्त वेळा. लांब आणि जाड घड्या सावकाश हलतात, आखूड आणि पातळ घड्या भराभर हलतात. म्हणून वडिलांचा आवाज जाड आणि धाकट्या बहिणीचा आवाज बारीक.

पण मित्रांनो, गळ्याच्या आत असे काही घडते, हे प्रथम पाहिले कोणी? हे काम केले गाणे शिकवणाऱ्या एका शिक्षकाने. त्याचे नाव मॅन्युएल गार्सिया. आवाज कसा तयार होतो, हे आपण डोळ्यांनी पाहावे, अशी त्याची फार इच्छा होती. १८५४ साली त्याने दातांचे डॉक्टर वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला आणि तो स्वतःच्या घशात धरला. दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्याचा उजेड पाडला. आणि काय आश्चर्य! त्याला स्वतःच्या स्वरतंतू हलताना दिसल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपले निरीक्षण मांडले. आज डॉक्टर घसा तपासण्यासाठी बारीक दुर्बिणी वापरतात. त्यांची सुरुवात या आरशापासून झाली.

स्वरतंतूंतून निघालेला मूळ आवाज नुसत्या भुणभुणीसारखा असतो. त्याला रूप येते ते घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत. सतारीच्या तारेचा आवाज भोपळ्यामुळे घुमतो, तसेच हे आहे. जीभ, ओठ आणि जबडा हलवून आपण या पोकळीचा आकार बदलतो आणि 'आ', 'ई', 'ऊ' असे वेगवेगळे स्वर तयार होतात. नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणून पाहा. 'बाबा' म्हटल्यासारखे ऐकू येईल! कारण 'म' साठी हवा नाकातून जावी लागते.

आता आणखी एक प्रयोग करा. गळ्यावर बोटे ठेवा आणि 'सीन' या हरफाचा लांब उच्चार करा: स्‌ऽऽऽ. बोटांना काही जाणवणार नाही. आता तोंड तसेच ठेवून 'ज़े' चा लांब उच्चार करा: ज़्‌ऽऽऽ. बोटांखाली मधमाशी गुणगुणावी तशी थरथर लागेल. दोन्ही उच्चारांत जीभ एकाच जागी आहे. फरक फक्त स्वरतंतूंचा. 'क' आणि 'ग', 'त' आणि 'द', 'प' आणि 'ब' या जोड्यांतही हाच फरक आहे. प्राचीन भारतीय व्याकरणकारांना हा भेद माहीत होता. थरथरीशिवाय निघणाऱ्या वर्णांना त्यांनी अघोष म्हटले आणि थरथरीसह निघणाऱ्या वर्णांना घोष म्हटले. मराठी वर्णमालाही उच्चाराच्या जागेप्रमाणेच रचलेली आहे. क-वर्ग घशाजवळून सुरू होतो आणि प-वर्ग ओठांवर येऊन संपतो.

अरबी हरफांचे मख़रज शिकताना तुम्हांला उस्तादांनी सांगितले असेल, की हमज़ा आणि छोटी हे यांची जागा घशाच्या अगदी तळाशी असते. ती जागा म्हणजे हे स्वरयंत्रच. त्याहून वर, जिभेच्या मुळाशी आणि पडजिभेजवळ क़ाफ उच्चारला जातो. आठव्या शतकातील अरबी व्याकरणकार सीबवैह यानेही आपल्या ग्रंथात हरफांच्या अशा जागा सांगितल्या आहेत. म्हणजे शाळेत मराठीची वर्णमाला शिकताना आणि मदरशात मख़रज शिकताना आपण गळ्याचा एकच नकाशा वाचत असतो.

मराठीतील एक अक्षर मात्र आपल्याला बराच त्रास देते. ते म्हणजे 'ळ'. पुष्कळ मुले 'कापूरहोळ' ला 'कापूरहोल' म्हणतात. 'ल' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते. 'ळ' साठी तेच टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि झटक्याने पुढे सोडायचे. स्वरतंतू दोन्ही वेळा सारख्याच थरथरतात; काम फक्त जिभेचे आहे. हा सराव नीट करा, नाहीतर 'मूळ' मागितल्यावर 'मूल' मिळेल आणि 'वेळ' विचारल्यावर कोणी 'वेल' दाखवील!

आता आठवीतल्या त्या मुलाकडे वळू. त्याच्या गळ्यात काय बिघडले होते? काहीच नाही. साधारणपणे बारा ते पंधरा वर्षांच्या काळात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. कंठमणी पुढे येतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मेंदूला मात्र जुन्या, आखूड स्वरतंतूंची सवय असते. नव्या घड्या किती ताणायच्या, याचा अंदाज चुकतो आणि आवाज मध्येच फाटतो. नवीन सायकलवर पहिल्या दिवशी तोल जावा, तसेच हे आहे. काही महिन्यांत, कधी वर्षा-दोन वर्षांत, आवाज स्थिर होतो. तो पूर्वीपेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो. पण तो थोडाच उतरतो, म्हणून सहसा लक्षात येत नाही. ज्याचा आवाज आज फुटतो आहे त्याला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की उद्या त्यांचीही पाळी येणार आहे.

काकांचा आवाज मात्र वाढीमुळे बसला नव्हता. आपण ओरडतो तेव्हा दोन्ही स्वरतंतू एकमेकींवर जोराने आदळतात. दोन्ही हातांनी दिवसभर टाळ्या वाजवल्या, तर तळहात लाल होऊन सुजतील. तसेच स्वरतंतूंचे होते. सुजलेल्या घड्या नीट मिटत नाहीत. मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो किंवा बसतो. वर्षानुवर्षे असे चालले, तर तेथे घट्ट्यासारख्या बारीक गाठी येतात. फेरीवाले, गायक आणि आम्ही शिक्षक यांना हा त्रास नेहमी होतो.

मोठमोठ्या गायकांचीही यातून सुटका झालेली नाही. कापूरहोळवरून जाणारा महामार्ग पुढे सातारा आणि कराड ओलांडून कोल्हापूरकडे जातो. त्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ हे थोर गायक होते. त्यांचा जन्म १८५५ सालचा. कोल्हापूरला येण्यापूर्वी ते अमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात होते. तेथे त्यांना इतके गावे लागले, की त्यांचा आवाज बसला. गायकाचा आवाज जाणे म्हणजे त्याचे सर्वस्व जाणे. पण खाँसाहेब खचले नाहीत. आवाज परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. तेव्हा या बदललेल्या आवाजाला शोभेल, अशी नवी गायकी त्यांनी रियाज करून घडवली. तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवण्यात आले. एका बसलेल्या आवाजाने शोधलेली वाट अशी पृथ्वीच्याही पलीकडे गेली!

सर्वांनाच असा चमत्कार करता येणार नाही. म्हणून आवाज जपणे हेच बरे. भरपूर पाणी प्यावे, म्हणजे स्वरतंतू ओलसर राहतात. घसा दुखत असल्यास मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम वाटतो; पण ते पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचत नाही. पोहोचले तर ठसकाच लागेल! आवाज बसला असेल तर खरा उपाय म्हणजे विश्रांती. त्या वेळी जोर लावून कुजबुजणेही टाळावे. वारंवार खाकरू नये, कारण त्यानेही स्वरतंतू एकमेकींवर आपटतात. दूरच्या माणसाला ओरडून हाक मारण्याऐवजी चार पावले चालत जावे.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तंबाखू. बिडी-सिगारेटचा धूर फुप्फुसांत जाताना स्वरतंतूंवरूनच जातो. त्यामुळे स्वरयंत्राचा कर्करोग होऊ शकतो. गुटखा, मिश्री आणि तंबाखू यांमुळे तोंडाचा कर्करोग होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण खरी बंदी आपल्या मनाने घालावी लागते. आजार वाढला तर कधी कधी संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकावे लागते. मग रुग्णाला गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो आणि बोलणे नव्याने शिकावे लागते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ सालापासून कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार होत आहेत. वेळेवर आलेला रुग्ण बरा होऊ शकतो. म्हणून आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बसलेला राहिला, तर घरगुती उपायांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

मी काकांनाही हेच सांगितले. आधी ते तयार नव्हते. "एक दिवस धंदा बुडतो, सर," असे ते म्हणत. शेवटी ते पुण्याला जाऊन आले. डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहिला. स्वरतंतूंवर बारीक गाठी होत्या. पण त्या साध्या होत्या. काही दिवस मौन पाळा आणि ओरडणे सोडा, एवढाच मुख्य उपाय त्यांनी सांगितला. काकांनी जीपच्या काचेवर 'भोर' अशी मोठी पाटी लावली. हाळी द्यायचे काम पुतण्याकडे सोपवले. ते स्वतः जीपच्या पत्र्यावर थाप मारून प्रवाशांचे लक्ष वेधून घेऊ लागले. दोन-तीन महिन्यांनी मी जीपमध्ये बसलो, तेव्हा ते हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "या सर, बसा." ते तीन शब्द मला कोणत्याही हाळीपेक्षा मोठे वाटले.

आणि तो मुलगा? मी त्याला वाचनाची सक्ती केली नाही. वर्गाला मात्र स्वरयंत्राचा हा पाठ समजावून सांगितला. हसणारी मुले आपापल्या गळ्यावर बोटे ठेवून कंठमणी शोधू लागली. काही दिवसांनी तो आपण होऊन उभा राहिला आणि धडा वाचू लागला. आवाज दोनदा फाटला. कोणी हसले नाही. त्याने धडा शेवटपर्यंत वाचला.

शब्दार्थ
हाळी – मोठ्याने मारलेली हाक, पुकार
वर्दळ – माणसांची व वाहनांची सतत ये-जा
कूर्चा – हाडापेक्षा मऊ व लवचीक भाग
पोकळी – आतली रिकामी जागा
घोगरा – जाड व अस्पष्ट (आवाज)
खाकरणे – घसा साफ करण्यासाठी आवाज करणे
सप्तक – सात स्वरांचा समूह
मौन – न बोलणे, ख़ामोशी
सर्वस्व – जवळचे सगळे काही

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्वरयंत्राचे पहिले काम कोणते?
(आ) मॅन्युएल गार्सियाने आपल्या स्वरतंतू कशाच्या साहाय्याने पाहिल्या?
(इ) काकांच्या जीपवर कोणती पाटी होती?
२. कारणे द्या.
(अ) साध्या श्वासाचा आवाज होत नाही.
(आ) वाढीच्या वयात मुलांचा आवाज फाटतो.
(इ) गुळण्यांनी बसलेला आवाज सुटत नाही.
३. तीन-चार वाक्यांत लिहा.
आवाज गेल्यावर उस्ताद अल्लादिया खाँ यांनी काय केले? त्यांच्यापासून तुम्ही काय शिकलात?
४. अर्थातील फरक सांगा व मोठ्याने वाचा.
मूल – मूळ, वेल – वेळ, काल – काळ, गाल – गाळ
५. करून पाहा.
गळ्यावर बोटे ठेवून वर्णमाला म्हणा. थरथर जाणवणाऱ्या व न जाणवणाऱ्या व्यंजनांच्या दोन याद्या तयार करा.